शिक्षा संपली, हेलपाटे संपंनात

पिऊन गाडी चालवली, पकडलो. चूक माझीच. 10 हजार दंड भरला, 3 महिने लायसन गेलं, त्याची तक्रार नाही. पण मुदत कधीच संपली, लायसन हातात पडंना! ड्रायव्हिंगचा रिफ्रेशर कोर्स पूर्ण केला की परत द्यायचं, हे कायद्यातच आहे. कोर्स केला, सर्टिफिकेट दिलं. तर आरटीओच्या खिडकीवरचा म्हणतो, “सिस्टीमला अजून सस्पेंडच दिसतंय, सोमवारी या.” सोमवारी साहेब दौऱ्यावर! गावाहून 60 किलोमीटर, एसटीचं भाडं जातं, दिवस बुडतो. गेटबाहेरचा एजंट तेच काम 2 हजारात उद्या करून देतो म्हणतो. का देऊ मी? सोयाबीन मोंढ्यात न्यायचंय, टेम्पो दारात उभा आहे, अन् मी गावभर ड्रायव्हर हुडकत फिरतोय.