हळकुंड मोडून बघतो, मग बाटली का नाही?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, शनिवारी मित्र येणार आहेत. दोन हजारांत चांगली व्हिस्की कुठली घेऊ? तुम्ही सांगाल ती." वय सव्वीस, नोकरीला लागून वर्ष झालंय. मी एक नाव सांगून फोन ठेवला आणि मग चुटपुट लागून राहिली. नाव सांगितलं, पण निवडायचं कसं ते सांगितलंच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखं महिन्या-दोन महिन्यांत एखादी बाटली घेणाऱ्या सगळ्यांसाठी. जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करावी असं माझं अजिबात म्हणणं नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पंचवीस वर्षं काढली. सौद्याच्या वेळी खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातलं हळकुंड वर काढतो आणि कडकन मोडतो. आतला रंग बघतो, नाकाशी नेतो, मगच भाव बोलतो. पॉलिशला कोणी भुलत नाही, कारण पॉलिश कुठल्याही मालाला करता येते. आणि हाच माणूस संध्याकाळी वाईन शॉपवर उभा राहून "तो सोनेरी खोक्यातला खंबा द्या" म्हणतो. क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस दोन हजार रुपये खोक्याकडे बघून देऊन येतो. मला हे मनापासून खटकतं.

बाटली मोडून बघता येत नाही, पण फिरवून मागचं लेबल तर वाचता येतं. काउंटरवर गर्दी असली तरी दुकानदाराला "जरा हातात द्या" म्हणायला लाजू नका.

आधी बघायचं, बाटलीवर "इंडियन व्हिस्की" लिहिलंय की "स्कॉच व्हिस्की". पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत स्कॉच दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. शेजारी बारीक अक्षरांत "ब्लेंडेड विथ" असेल तर ती स्कॉच नाही, तिच्यात स्कॉच मिसळलेली आहे, आणि किती मिसळली ते बहुतेक लेबलांवर सापडत नाही. मग घटक वाचा. "ग्रेन स्पिरिट", म्हणजे धान्याचं स्पिरिट, लिहिलंय का? "अॅडेड फ्लेवर" लिहिलंय का? "परमिटेड कलर १५०ए" म्हणजे कॅरमल, साखर जाळून केलेला रंग. तो स्कॉचमध्येही चालतो. त्यामुळे गडद रंग म्हणजे जुनी व्हिस्की ही समजूत डोक्यातून काढून टाका. पण वरून घातलेला स्वाद स्कॉचमध्ये कायद्यानेच चालत नाही. पाणी आणि साधं कॅरमल, एवढंच घालायची परवानगी आहे. शिवाय किमान ३ वर्षं स्कॉटलंडमध्ये, ओकच्या पिंपात मुरलेली असावी लागते. स्वस्तातल्या स्वस्त खऱ्या स्कॉचलाही हा नियम लागू आहे, म्हणून तिच्यासाठी दिलेल्या पैशाला काहीएक आधार असतो.

स्वाद वरून घालावा का लागतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याने गेलं की मळीचा तो गोड-आंबूस वास येतो ना, तिथूनच ही गोष्ट सुरू होते. मळी आंबवायची, डिस्टिलरीत चढवायची आणि ९६ टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट काढायचं. इतकं शुद्ध केल्यावर त्याला ना वास उरतो ना चव. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त "व्हिस्की"चा पाया हेच स्पिरिट असतं. वरून थोडं मॉल्ट, म्हणजे मोड आणलेल्या सातूची (बार्लीची) व्हिस्की, थोडा स्वाद, थोडा रंग. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे मळीच्या स्पिरिटवर केलेली बाटली तिथे व्हिस्की या नावाने विकताच येत नाही.

मळीला मी नावं ठेवत नाही. आपला ऊस, आपले कारखाने, त्यावर जिल्ह्यातली कितीतरी घरं चालतात. पण मळीची खरी दारू म्हणजे रम. म्हणून हजाराच्या आत बजेट असेल तर माझं स्पष्ट मत आहे की व्हिस्कीच्या नादाला लागू नका, सरळ रम घ्या. ओल्ड मंक १९५४ पासून रम म्हणूनच विकली जाते. व्हिस्कीचा आव आणणाऱ्या बाटलीपेक्षा तिच्यात जास्त समाधान आहे. व्हिस्कीच हवी असेल तर निदान लेबलवर धान्याचं स्पिरिट आणि स्कॉच मॉल्ट सांगणारी घ्या. रॉयल स्टॅग, ब्लेंडर्स प्राइड या त्या जातीच्या. दोन्ही १९९५ पासून बाजारात आहेत.

आता दोन हजारांच्या आसपासची गोष्ट. इथेच खरा फायदा आहे, आणि लोक इथेच चुकतात.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने लिटरला २६० रुपयांपर्यंत निर्मितीखर्च असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं, म्हणजे इथे तयार होणाऱ्या व्हिस्की-रम वगैरेंवरचं, उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. साध्या व्हिस्कीच्या क्वार्टरची (१८० मिली) किमान किंमत २०५ रुपये झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं राज्याचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं होतं. दोन्ही एकत्र धरलं की खालचा माल वर आला आणि वरचा थोडा खाली. दोन्हींमधलं अंतर पूर्वी होतं तेवढं राहिलं नाही. जो माणूस दर आठवड्याला साधा क्वार्टर घेतो त्याने एकदा कागदावर मांडून बघावं. चार क्वार्टर म्हणजे ७२० मिली. खंबा ७५० मिलीचा. किमान दराने चार क्वार्टरचे ८२० रुपये होतात, चांगल्या ब्रँडचे त्याहून बरेच जास्त. दोन हजारांच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात, म्हणजे पेग पडला ८० रुपयांना. शनिवारी तीन पेग धरले तर बाटली आठ आठवडे पुरते आणि महिन्याला हजार रुपये लागतात. मी स्वतः गेली कित्येक वर्षं असंच चालवतोय. कमी पितो, पण चांगली पितो.

या पैशात माझी निवड ठरलेली आहे, ती म्हणजे स्कॉटलंडमध्ये मुरलेली आणि भारतात बाटलीत भरलेली स्कॉच. पिंपातला माल मोठ्या टाक्यांतून इकडे येतो आणि इथे पाणी घालून भरला जातो. काच, खोकं, बाटल्यांची वाहतूक यावरचा खर्च वाचतो आणि आयात कर टाकीतल्या मालाच्या किमतीवर लागतो, म्हणून ती स्वस्त पडते. "बॉटल्ड इन इंडिया" वाचून नाक मुरडणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांना मी एवढंच म्हणतो की सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, हळद मुंबईत पुडीत भरली म्हणून ती सांगलीची राहत नाही का?

अशा बाटल्यांपैकी टीचर्समध्ये मॉल्टचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या घरात असल्याचं कंपनी सांगत आली आहे. ब्लेंडेड स्कॉचमध्ये, म्हणजे मॉल्ट आणि इतर धान्याची व्हिस्की मिसळून केलेल्या स्कॉचमध्ये, हे प्रमाण खूपच चांगलं. तिच्यात आर्डमोर नावाच्या डिस्टिलरीचा धुरकट मॉल्ट असतो, त्यामुळे चुलीजवळ बसल्यासारखा हलका वास येतो. हा वास आवडत नसेल तर ब्लॅक अँड व्हाइट घ्या, ती मऊ आहे. भाच्याला मी टीचर्स सांगितली होती.

"१२ वर्षं जुनी" या आकड्यासाठी मधल्या बजेटमध्ये जादा पैसे मोजू नका. तो आकडा बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो हे खरं, पण तो स्कॉटलंडच्या थंडीतला आहे. तिथे पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो. बंगळुरूच्या हवेत तेच १० ते १२ टक्क्यांवर जातं आणि लाकडाशी देवाणघेवाणही त्याच वेगाने होते. म्हणून आपल्याकडची चार-पाच वर्षांची सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मॉल्टची केलेली व्हिस्की, कच्ची लागत नाही. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये आपली सिंगल मॉल्ट आधी ग्लासगोत, म्हणजे स्कॉच पिणाऱ्यांच्याच गावात विकायला काढली, हे आठवलं की मला आजही अभिमान वाटतो. अमृत फ्युजन, पॉल जॉन, इंद्री या आपल्याकडच्या सिंगल मॉल्ट दोन हजारांत बसणाऱ्या नाहीत. पण दिवाळीला चौघांनी काँट्री काढली तर आयात केलेल्या महागड्या बाटलीऐवजी यातली एखादी घ्याच. फ्युजन ५० टक्क्यांची असते, आपली नेहमीची ४२.८ टक्क्यांची. त्यामुळे फ्युजनचा पेग लहान भरा आणि पाणी जरा जास्त घाला. ती पुरतेही जास्त.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला व्यापार करार झाला, त्यात स्कॉचवरचा १५० टक्के आयात कर आधी ७५ आणि १० वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं, म्हणून कोणी थांबून राहिलं असेल तर थांबू नका. एमआरपीत राज्याचा वाटा मोठा असतो. दुकानातला फरक तेवढा दिसणार नाही.

आता जे सांगायला मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याने ओळखीतल्या एकाकडून "दुबईहून आलेली" बाटली साडेतीन हजारांना घेतली. बिल नाही. दुकानात हिला सहा हजार पडतात म्हणे. रविवारी दुपारी माझ्याकडे उघडली. टोपण फिरवताना सीलची कडी तुटते तेव्हा जो कट् आवाज येतो, तो आलाच नाही. तोंडाशी प्लास्टिकची जाळी आणि आत गोळी असते, तीही नव्हती, धार पाण्यासारखी मोकळी पडली. नाकाशी नेली तर केकच्या इसेन्सचा वास, आणि मागून नाकात झोंबणारं स्पिरिट. मेव्हणा म्हणाला, "दाजी, सोडा घालून बघूया की." मी बाटली बेसिनमध्ये ओतली. साडेतीन हजार गेले याचं वाईट वाटलंच, पण बनावट दारूत मेथिल अल्कोहोल असू शकतं आणि त्याने डोळे जातात, जीव जातो. तिथे पैशाचा विचार करायचा नसतो.

तेव्हापासून माझा नियम आहे की परवाना असलेलं दुकान आणि बिल, याशिवाय घ्यायची नाही. "कॅन्टीनचा माल" म्हणून कोणी विकत असेल तरी नाही. लष्करी कॅन्टीनची दारू जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी असते, ती बाहेर विकणं गुन्हा आहे, आणि त्या नावाखाली काय भरून मिळेल सांगता येत नाही. गोव्याहून परवानगीशिवाय आणणंही तसंच, बाटलीवर कुठल्या राज्यात विक्रीसाठी ते छापलेलं असतं. चांगली बाटली रिकामी झाली की लेबल ओरबाडून काढा, टोपण वेगळं टाका, खोकं फाडा. भंगारात स्कॉचच्या रिकाम्या बाटलीला खोक्यासकट जास्त भाव मिळतो. तो कशासाठी मिळतो ते ओळखा.

परवाना पिणाऱ्यालाही लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांना, कायमचा हजार रुपयांना. वय २५ पूर्ण हवं. कायमचा काढून टाका, कटकट मिटते.

उघडलेली बाटली उभी ठेवा, उन्हापासून लांब. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली तर वास उडून जातो. निम्म्याच्या खाली आली की फार महिने ठेवू नका.

पिताना पहिला पेग तरी सोडा-बर्फाशिवाय घेऊन बघा. साधं पाणी, थोडंथोडं घालत. चकण्याला भडंग आपला जीव की प्राण, पण लसूण-मिरचीपुढे चांगल्या व्हिस्कीची चव उरत नाही. भाजलेले शेंगदाणे आणि तासगावचा बेदाणा घ्या. शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीला मनुक्यांचा वास येतो हे मी कितीदा वाचलं होतं, पण कळलं नव्हतं. एकदा मॉल्टचा ग्लास हातात असताना बायकोने बेदाण्याची नवी पेटी उघडली. कागद बाजूला केल्यावर जो उबदार, आंबट-गोड वास आला, तोच ग्लासात होता. त्या दिवशी त्या एका पेगला मी तासभर लावला.

शनिवारी भाचा टीचर्स घेऊन आधी माझ्याकडेच आला. बिल खिशात होतं, मागचं लेबल त्याने स्वतः वाचून दाखवलं. अर्धा पेग घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "मामा, याला धूर मारल्यासारखा वास येतोय, मित्रांना नाही आवडायचा." मी म्हटलं, मग ही इथेच राहू दे, पैसे माझ्याकडून घे आणि जाताना ब्लॅक अँड व्हाइट घेऊन जा.