दर पाचव्या कोरोना पेशंटचं हार्ट निकामी? त्या मेसेजबद्दल खुलासा
परभणी-नांदेडच्या ग्रुपवर फिरायलंय की कोरोना झालेल्या दर पाचव्या माणसाचं हार्ट निकामी होतं. तसं नाही. मूळ अभ्यास 2020 चा, वुहानचा, मी स्वतः वाचला, त्यात 416 पेशंट अन् सगळे दवाखान्यात अॅडमिट, घरीच बरे झालेले त्यात नाहीतच. त्यातल्या 82 जणांच्या रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढलेलं, म्हणजे हार्टच्या स्नायूला इजा, हार्ट फेल नव्हे. पण हलक्यात घेऊ नका, त्या 82 मधले निम्म्याहून जास्त दगावले, त्यांचं वय बाकीच्यांपेक्षा जास्त होतं अन् बीपीचा त्रासही. शेजारच्या मावशी मेसेज वाचून रात्रभर झोपल्या नाहीत हो. कृपा करून तो पुढं पाठवू नका, पाठवला असेल तर तिथंच हे टाका.