आत्याचा फ्रीज रात्री बंद का होता

‘वीजबिल निम्मं करा, पर्यावरण वाचवा’ असा एक मेसेज गेले दोन आठवडे आमच्या कोल्हापूरच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी तो चार वेळा न वाचताच पुसला. परवा रात्री मंगळवार पेठेत आत्याकडं होतो. पाण्यासाठी फ्रीज उघडला तर आतला दिवाच लागेना. ‘‘दहा ते सहा बंदच ठेवते रे. मेसेज आलाय न्हवं,’’ आत्या म्हणाली. गेल्या अकरा रात्री हे चाललंय, तेही एप्रिलच्या उकाड्यात. त्याच फ्रीजमध्ये तिची इन्सुलिन असते.

म्हणून आता तो मेसेज नीट वाचून उत्तर देतोय.

पहिला दावा: रात्री आठ तास फ्रीज बंद ठेवला की महिन्याला 40 युनिट वाचतात. आत्याच्या फ्रीजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबल अजून आहे. त्यावर वर्षाचा वापर छापलाय, 182 युनिट. म्हणजे दिवसाला अर्धा, महिन्याला पंधरा. घरच्या वापरात थोडं इकडंतिकडं होईल, पण जो फ्रीज महिनाभर अखंड चालून पंधरा युनिट खातो, तो रात्री बंद करून चाळीस वाचणार कुठून? बरं, पंधरातले तिसऱ्या हिश्श्याचे पाच तरी? तेही नाहीत. फ्रीज बंद असला तरी बाहेरची उष्णता आत शिरतच राहते आणि सकाळी कॉम्प्रेसरला ती उपसून काढावी लागते. जी थोडी वीज वाचते, ती आतलं सामान गरम झालं म्हणूनच वाचते. त्या सामानात उरलेला पांढरा रस्सा असतो, म्हशीचं दूध असतं. ते नासलं तर वासावरून कळतं तरी. इन्सुलिनचं कळत नाही. न उघडलेली इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. रोज गरम-थंड होत राहिली तर तिचा जोर कमी होऊ शकतो आणि बाटली दिसायला जशीच्या तशी. मग साखर वाढते, डोस वाढतो आणि खरं कारण कुणाच्या ध्यानातही येत नाही. बाराशे ग्रुपांवर हे पाठवताना एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की लोकांच्या फ्रीजमध्ये काय काय असतं?

दुसरा दावा त्या ‘पॉवर सेव्हर’ बॉक्सचा. प्लगमध्ये खोचा, बिल निम्मं. आत्यानं तोही घेतलाय. त्याच्या आत असतो कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा छोटा भाग. आता एवढं मान्य करावं लागेल, की कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कपॅसिटर बसवतात आणि त्यांचा फायदाही होतो, कारण त्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला लागली याचा, हिशोब असतो. घरचं बिल युनिटवर येतं. आम्ही घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त तीन पंखे चालू ठेवले आणि मीटरचा लाल दिवा मोजला. मीटरवर एका युनिटला 3200 लुकलुकी लिहिल्यात. बॉक्स लावून मिनिटाला बारा, बॉक्स काढून मिनिटाला बारा. तुमच्या घरीही हे करता येईल, पाच मिनिटं लागतात.

तिसरा दावा: एसी 16 वर लावला की खोली लवकर गार होऊन वीज वाचते. हे साफ उलटं आहे. आकडा खाली नेला म्हणजे मशीन थांबायचं नाव घेत नाही, एवढंच. तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरोच सांगतो. 2020 पासून नवे एसी 24 वरच सुरू होतात ते त्यासाठीच.

‘कोल्हापुरात पावसाळ्यात सोलर बेकार’ या चौथ्या दाव्यात अर्धं तथ्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन पडतं, नाकारत नाही. पण छत काय दोन महिन्यांसाठी नसतं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरची जादा वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करायच्या सोयीत, उन्हाळ्यातले जादा युनिट पुढं जमा होतात आणि तीन किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे. टीव्ही बघून झाल्यावर सेट-टॉप बॉक्सचं बटण भिंतीवरूनच बंद करा, हा शेवटचा सल्ला बरोबर आहे.

आणि खरंच बिल कमी करायचं तर त्या मेसेजमध्ये जे नाहीच ते करा. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास.

आत्याची इन्सुलिन डॉक्टरांना विचारून बदलली. फ्रीज आता रात्रंदिवस चालू आहे. जाता जाता फ्रीजचं दार घट्ट बसतं का बघायला त्यात दहाची नोट धरून दार लावलं आणि नोट ओढली. वरच्या बाजूला अडकली, खालच्या कोपऱ्यात सरळ निघून आली. तिथलं रबर सैल झालंय. मेकॅनिकला सोमवारी बोलावलंय.