अमेरिकेत आजारी पडू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

न्यू जर्सीत किंवा बे एरियात स्थिरावलेल्या मराठी माणसाने आजारी पडण्यापूर्वी थोडा गृहपाठ करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. आपल्याकडे माणूस आधी आजारी पडतो आणि मग दवाखाना शोधतो. हा क्रम अमेरिकेत चालत नाही. तेथे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि रुग्णालय आपल्या विमा कंपनीच्या 'नेटवर्क'मध्ये, म्हणजे तिच्याशी करार असलेल्यांच्या यादीत, आहेत ना, याची आधी खातरजमा करावी आणि मगच पोटात दुखू द्यावे.

महिनाही विचारपूर्वक निवडावा. डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने हात सैल सोडण्याआधी आपल्या खिशातून जायची रक्कम, बहुतेक योजनांत 1 जानेवारीपासून पुन्हा शून्यावरून मोजली जाते. त्यामुळे डिसेंबरात तपासण्या करून जानेवारीत पित्ताशय काढणे हा निव्वळ अडाणीपणा होय. मोठे दुखणे वर्षारंभीच उरकावे, म्हणजे पुढची किरकोळ दुखणी सवलतीत पडतात. दातांचे मात्र वेगळे आहे. दात हा शरीराचा भाग नाही, असे अमेरिकी विमाशास्त्र मानते. त्यांची पॉलिसी निराळी, आणि तिची वार्षिक मर्यादा एका रूट कॅनालमध्ये आणि त्यावरच्या कॅपमध्येच बहुधा संपते. दाढ ठणकू लागल्यास पुण्याच्या पुढच्या फेरीपर्यंत दुसऱ्या बाजूने चावावे.

अनपेक्षित बिलांपासून विमाधारकाचे रक्षण करणारा कायदा तेथे 2022 पासून लागू आहे. नेटवर्कबाहेरची हवाई रुग्णवाहिका त्याच्या कक्षेत येते, रस्त्यावरून धावणारी येत नाही. तेव्हा छातीत कळ आली तर शक्यतो हेलिकॉप्टरनेच जावे.

नोकरी गेल्यासही घाबरण्याचे कारण नाही. 'कोब्रा' असे समर्पक नाव असलेल्या कायद्यानुसार जुन्या कंपनीचा गटविमा साधारणपणे 18 महिने चालू ठेवता येतो; फक्त मालकाचा आणि आपला असे दोन्ही हिस्से आपणच भरायचे, वर 2 टक्के व्यवस्थापन खर्च. एच-1बी व्हिसावरील माणसाला नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, हा तपशील येथे उगाच काढू नये.

आता आईबाबांकडे वळू. पर्यटक व्हिसावर आलेल्या पालकांना मेडिकेअर, म्हणजे तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स घ्यावा लागतो, आणि तो घेताना सुजाण मुलगा सर्वांत स्वस्त पर्याय निवडतो. या योजनेत डॉक्टरच्या एका भेटीला इतके, खाटेच्या एका दिवसाला इतके, असे आकडे आधीच ठरलेले असतात. रुग्णालयाचे दर त्याच्या अनेक पटींनी असतात, पण तो रुग्णालयाचा खाजगी प्रश्न आहे. शिवाय वय सत्तरीपुढे, ऐंशीपुढे गेले की विम्याची कमाल रक्कम बहुतेक ठिकाणी उतरत जाते. म्हातारपणी माणसाच्या गरजा कमी होतात, हे आपल्या संतांनी सांगितलेलेच आहे.

खरी गंमत जुन्या आजारांच्या कलमात आहे. मधुमेह, रक्तदाब वगैरे आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात. उदार कंपन्या मात्र त्यांचा 'अचानक उद्भवलेला तीव्र झटका' मान्य करतात, आणि तो कसा असावा हे नीट लिहून ठेवतात: त्याची पूर्वसूचना मिळालेली नसावी, तो आपसूक यावा, आणि त्यावर ठरावीक तासांत, बहुधा 24 तासांच्या आत, उपचार सुरू व्हावेत. म्हणजे बाबांनी गोळ्या नियमित घ्याव्यात, पण हृदयाने कसलीही कुणकुण न देता एकदम दगा द्यावा, आणि तोही शक्यतो मुलगा घरी असताना. दोन दिवस धाप लागत असेल तर तो झटका उरत नाही, जुना आजारच ठरतो.

आणीबाणी कक्षात प्रवेशाची चिंता करू नये. 1986च्या कायद्यामुळे मेडिकेअरशी जोडलेल्या रुग्णालयाला पैसे नाहीत म्हणून रुग्णाला तपासल्यावाचून परत पाठवता येत नाही, आणि प्रकृती गंभीर असल्यास ती स्थिर करणेही भाग असते. कायद्याची माया तेथवर. पुढे टपाल खाते आहे. रुग्णालयाचे बिल वेगळे, आणीबाणीच्या डॉक्टरांचे बहुधा वेगळे, क्ष-किरण पाहणाऱ्याचेही वेगळे, तेव्हा लिफाफे वाचायला आईबाबा परत गेल्यानंतरची एखादी दुपार राखून ठेवावी.

राहिली बाबांची तालीम. ती महत्त्वाची, कारण क्लेम आला की कंपनी जुने वैद्यकीय कागद मागवू शकते आणि डॉक्टर रुग्णाचे बोलणे जसेच्या तसे टिपून ठेवतो. इकडे आपले बाबा निवृत्त बँक अधिकारी; 'केव्हापासून त्रास होतोय?' या प्रश्नाला 'आत्ता, एकदम' असे दोन शब्दांत उत्तर देणे त्यांच्या स्वभावात बसत नाही. 'तसं गणपतीपासूनच जरा जड वाटत होतं, पण म्हटलं मुलाला कशाला त्रास,' असे ते सांगणार, आणि आपण डोळ्यांनी खुणावत असताना पिशवीतून ती प्लास्टिकची फाइल काढणार, जिच्यात 2009 पासूनचा प्रत्येक ईसीजी तारखेप्रमाणे लावलेला आहे. डॉक्टर तिचे मनापासून कौतुक करतील आणि स्कॅन करून रेकॉर्डला जोडतील.