प्रकाश ‘गोठवला’, मग हार्ड डिस्क भंगारात?

मुंबईतल्या विज्ञानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी पदार्थाच्या पाचव्या अवस्थेत प्रकाश गोठवला. आता क्वांटम मेमरीत डेटा कायमचा राहणार, हार्ड डिस्क भंगारात जाणार.’ प्रयोग खरा आहे, पण त्यावरून काढलेलं बाकी सगळं चूक आहे.

आधी ‘गोठवला’ बघू. 1999 मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्रज्ञ लेने हाउ यांच्या गटाने सोडियमच्या अतिशीत अणूंमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला 17 मीटरवर आणला. आपली फास्ट लोकलही त्याला मागे टाकेल! 2001 मध्ये तो थांबवलाही. पण थांबला तेव्हा तिथे प्रकाश उरलाच नव्हता. अणूंमध्ये सोडतात तो प्रकाशाचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत; एक दुसरा लेझर या अणूंना त्या स्पंदासाठी पारदर्शक करतो. स्पंद आत असताना तो लेझर बंद केला, की स्पंदाची माहिती अणूंच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्यांच्या चुंबकासारख्या क्वांटम गुणधर्मात, उतरते; पुन्हा लावला, की तिच्यावरून प्रकाश नव्याने तयार होतो. 2007 मध्ये तर एका बोस-आइनस्टाइन संघनितात (फॉरवर्डमधली ‘पाचवी अवस्था’ ती हीच: अतिशीत अणू एकसंधपणे वागतात असा ढग) उतरवलेली माहिती अणूंनी वाहून नेली आणि प्रकाश दुसऱ्या संघनितातून बाहेर आला. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.

‘कायमचा’ म्हणाल, तर 2001 मध्ये माहिती टिकली जेमतेम मिलिसेकंदभर. 2013 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला एक मिनिट गाठलं, तेही संघनितात नव्हे, स्फटिकात. शिवाय हे सगळे साध्या लेझरचे स्पंद होते. क्वांटम मेमरीला लागतं तसं एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, अणूंमध्ये साठवणं जमलं 2005 मध्ये, रुबिडियममध्ये.

राहिली हार्ड डिस्क. क्वांटम मेमरीत साठते ती फोटॉनसारख्या कणाची क्वांटम अवस्था, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे 1982 मध्येच सिद्ध झालंय. म्हणजे बॅकअप नाही. मग मेमरी हवी कशाला? क्वांटम माहिती लांब पाठवायला. उत्तम ऑप्टिकल फायबरमध्येही 50 किलोमीटरला दहातला एकच फोटॉन टिकतो. मुंबईहून पुण्याला दीडशे किलोमीटर फायबर टाकली, तर हजारातला एक पोचेल. नेहमीच्या नेटवर्कमध्ये वाटेत सिग्नल वाढवतात; इथे ते म्हणजे प्रत काढणंच, त्यामुळे तो मार्ग बंद. म्हणून अंतराचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची टोकं एन्टँगलमेंटने (दूरच्या कणांच्या अवस्था एकमेकींत गुंतवणाऱ्या क्वांटम नात्याने) जोडायची आणि मग टप्पे एकमेकांना. ज्या टप्प्याचं आधी जमेल, त्याला शेजारच्याचं जमेपर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ अवस्था शाबूत ठेवायला ही मेमरी लागते.