लॅव्हेंडरची कुंडी म्हणजे मच्छरदाणी नव्हे

गेल्या रविवारी सहकारनगरला आत्याकडे गेले होते. तिच्या झोपायच्या खोलीत, खिडकीपासून लांब, कपाटाच्या कडेला लॅव्हेंडरची कुंडी ठेवलेली. पानं खालून काळपट पडलेली, शेंडे मान टाकलेले. कुंडीखाली निळी प्लॅस्टिकची ताटली, काठोकाठ पाण्याने भरलेली. आणि पलंगावरची मच्छरदाणी गायब. "अगं, आता हे झाड आणलंय ना. मच्छरदाणी धुऊन माळ्यावर टाकली," आत्या म्हणाली. मी ताटली उजेडात नेली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

आत्या ६९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात काढलेत तिने. म्हणून हे लिहितेय, आणि रागावून लिहितेय.

हे सगळं एका मेसेजमुळे झालं. तो आधी तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर, आणि त्याच आठवड्यात माझ्याकडेही दोन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: लॅव्हेंडर पुण्यात तुळशीइतकं सहज येतं. खोलीत एक कुंडी ठेवा, एकही डास फिरकणार नाही. रोज दोन वेळा पाणी घाला आणि खालच्या ताटलीत पाणी भरून ठेवा. जात कुठलीही घ्या, गुण सारखेच. खालच्या लिंकवरून ‘ग्रोसो’ जातीच्या १०० बिया मागवा, महिनाभरात फुलं. झोप येत नसेल तर दुधात दोन थेंब तेल. आणि शेवटी, काश्मीरमध्ये होतं तर आपल्याकडे का नाही?

डासांपासून सुरुवात करते. लॅव्हेंडरचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल पानाफुलांवरच्या बारीक ग्रंथींत साठलेलं असतं. पान चुरगळलं की वास सुटतो, भर उन्हात तापलं तरी थोडा सुटतो. कोपऱ्यात गप उभं असलेलं रोप खोलीभर काही पसरवत नाही. त्यातलं अर्धसत्य मान्य करते: काढलेलं तेल अंगाला लावलं तर डास थोडा वेळ लांब राहतात. पण ते लवकर उडून जातं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था डासांपासून बचावासाठी जी द्रव्यं सुचवते, त्यांत डीट आहे, पिकारिडिन आहे, आयआर ३५३५ आहे, लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेलसुद्धा आहे. लॅव्हेंडर नाही. तेलालाच त्या यादीत जागा नसेल तर कुंडीतल्या रोपाची काय कथा!

आणि ती ताटली. डेंग्यूचा एडिस डास गटारात अंडी घालत नाही, त्याला घरातलं साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. कूलर, फुलदाणी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, ताटली घासावी लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाणी साठवायची भांडी रिकामी करून कोरडी करा, म्हणून आरोग्य खातं दर पावसाळ्यात सांगतं, ते याचसाठी. शिवाय हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. म्हणजे आत्या दुपारी पलंगावर पोथी वाचत पडली असताना तिच्या डोक्यापासून हाताच्या अंतरावर आम्ही डास वाढवत होतो, आणि मच्छरदाणी माळ्यावर. २०२४ च्या पावसाळ्यात याच शहरात झिकाचे रुग्ण सापडले होते. तो रोगही हाच डास पसरवतो. ज्याने कोणी "ताटलीत पाणी भरून ठेवा" असं लिहिलं, त्याने कधी एक पावसाळा पुण्यात काढलाय का?

दुधात तेलाचे थेंब, यावर फार लिहायची गरज पडू नये. बाटलीतलं सुगंधी तेल अत्यंत तीव्र असतं आणि ते पिण्यासाठी नसतं. लहान मुलांच्या पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. वासाने काहींना शांत वाटतं, झोपही बरी लागते, तेवढं खरं. मग उशीजवळ सुकलेल्या फुलांची पुरचुंडी ठेवा. आणि घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर रोपही त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, त्यांना ते बाधतं.

आता "जात कुठलीही घ्या". मी नऊ वर्षं गच्चीवर लॅव्हेंडर लावतेय आणि हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. लोक हौसेने तीनशे-चारशे रुपये देऊन रोप आणतात, ते जुलैत मरतं, आणि आपल्या हाताला गुण नाही असं म्हणून बागकाम सोडून देतात. दोष जातीच्या निवडीत असतो.

फोटोत दिसते ती, अत्तरातली, साबणातली जात म्हणजे लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया. नर्सरीत तिला इंग्लिश लॅव्हेंडर म्हणतात, पण ती मूळची भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरांतली. ‘हिडकोट’, ‘मनस्टेड’ हे तिचेच प्रकार. हिला नीट फुलायला खरी कडाक्याची थंडी लागते, आणि पाऊस-दमट हवा अजिबात सोसत नाही. पुण्यात माझ्याकडे तिची चार रोपं झाली, चारही दिवाळीत आणलेली. एकालाही दुसरा पावसाळा बघायला मिळाला नाही.

त्यापेक्षा लॅव्हेंड्युला डेंटाटा घ्या. पानांच्या कडा दातेरी असतात, बोट फिरवलं की कळतं. वास सौम्य, थोडा कापूर, थोडा रोझमेरीसारखा. थंडीशिवायही फुलते. माझं एक रोप पाचव्या वर्षात आहे. पिनाटा आणि मल्टिफिडा या जातींची पानं नेच्यासारखी चिरलेली. आपल्या हवेत त्या जवळपास वर्षभर फुलतात, पण वासाची अपेक्षा ठेवू नका. मल्टिफिडाचं पान चुरगळलं तर ओरेगॅनोची आठवण येते. स्टोइकास ही कणसाच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या जांभळ्या पाकळ्या असलेली. देखणी आहे, उन्हाला घाबरत नाही, पावसात मात्र आडोसा हवाच.

नर्सरीत नुसतं "फ्रेंच लॅव्हेंडर द्या" म्हणू नका. ब्रिटनमध्ये त्या नावाने स्टोइकास ओळखतात, अमेरिकेत डेंटाटा. शास्त्रीय नाव विचारा, किंवा पान हातात घेऊन बघा. मला एका ठिकाणी लॅव्हेंडर म्हणून चक्क निळी साल्व्हिया दिली होती. फुलांचे तुरे लांबून सारखे दिसतात, पण पान चुरगळलं की लगेच कळतं.

बियांचं तर साफ खोटं आहे. ‘ग्रोसो’ हा लॅव्हेंडिन नावाचा संकर, अँगस्टिफोलिया आणि लॅटिफोलिया या लॅव्हेंडरच्या दोन जातींचा. हा संकर वांझ असतो, त्याला बी धरतच नाही. त्याची रोपं फक्त फांदीच्या छाटकलमाने होतात. मग त्या १०० बिया कशाच्या आहेत? आणि अँगस्टिफोलियाच्या खऱ्या बिया मिळाल्या तरी आधी काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, उगवायला दोन-तीन आठवडे जातात, आणि धड फुलं बहुधा पुढच्या वर्षी.

पाणी रोज दोन वेळा? लॅव्हेंडर तहानेने क्वचित मरतं, मुळं कुजून मरतं. बोटाची दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. आपली काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तोही नको. मी मुरूम आणि जाड वाळू मिळून निम्म्याहून जास्त घेते, त्यात थोडे विटांचे तुकडे आणि जेमतेम मूठभर जुनं कंपोस्ट. शेणखताचा मारा केला तर पानांचा झुबका होतो आणि फुलं रुसतात. कुंडी मातीची, भोक मोठं, ताटली नाही. ऊन रोज सहा तास तरी. म्हणजे झोपायची खोली बादच. मे महिन्यात दुपारची सावली, आणि जूनपासून छज्जाखाली, जिथे ऊन-वारा पोचेल पण पाऊस नाही. फुलं सरली की हिरव्या भागातच छाटायचं. खालच्या जुन्या लाकडात कात्री घातली तर तिथून परत फुटत नाही.

राहिला काश्मीरचा दाखला. जम्मू-काश्मीरमधल्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहमध्ये लॅव्हेंडरची शेती खरोखर उभी राहिली आहे, सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान-संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेच्या मदतीने. अभिमानाची गोष्ट आहे. पण भदरवाह सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. पुणे ५६० मीटरवर, आणि इथला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. त्या शेतातली जात आपल्या गॅलरीत तशी फुलणार नाही.

लॅव्हेंडरचं आणि या भागाचं नातं जोडायचंच असेल तर ते खरं नातं सांगा की! सह्याद्रीत लॅव्हेंडरच्या कुळातल्या वनस्पती रानात आपल्या आपण उगवतात. लॅव्हेंड्युला बायपिनाटा भारतातलीच. दुसरी लॅव्हेंड्युला गिब्सोनी पश्चिम घाटातली. तिचं नाव अलेक्झांडर गिब्सनवरून पडलं, जो आपल्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता आणि पुढे मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. पावसाच्या शेवटी डोंगरउतारावर दिसली तर बघा, फोटो काढा, उपटून आणू नका.

आत्याची मच्छरदाणी मी परत लावून आले. ताटली घासून, उन्हात वाळवून पिशवीत घालून घरी आणलीय. ते रोप वाचणार नाही, मुळं पार काळी पडली आहेत. आत्याला म्हटलं, पाऊस थांबू दे, ऑक्टोबरात माझ्या डेंटाटाचं छाटकलम करून देते. तुझ्या दक्षिणेच्या गॅलरीत कठड्याशी ऊन चांगलं येतं, तिथे ठेवू.