सेन्सरच असेल हो

सगळ्यात आधी अभिनंदन. फीचा दुसरा हप्ता अजून भरायचा आहे, आणि तुमच्या नजरेला पंधरा-वीस वर्षं जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान पडली. किंमत पाहिलीत तर एखाद्या नव्या, चिमुकल्या हॅचबॅकएवढी. मग इतकी वर्षं बाकीचं जग हॅचबॅक का घेत बसलं? त्यांना गणित येत नसणार.

तुम्हाला ते येतंच, तेव्हा ते पूर्ण करू. गाडी जुनी झाली की तिची किंमत पडते. तिच्या पार्टची पडत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असं तुमच्या घरचे म्हणतील. त्यांना सांगा की म्हण इथे लागू नाही. ही कोंबडी मुळात पन्नास रुपयांची होती, आज चार आण्यांना मिळतेय, आणि मसाला अजून पन्नास रुपयांच्या कोंबडीच्या हिशेबानेच विकला जातो. घरचे गप्प होतील. त्यांना वाटेल, तुमचा मुद्दा सिद्ध झाला.

गाडी निवडताना सिलिंडर मोजा. साधं चार सिलिंडरचं इंजिन, हाताने बदलायचे गिअर, कापडी सीट, एकच मालक, अशी गाडी समोर आलीच तर नाक मुरडून पुढे जा. तिच्यावर प्रवास होतो, प्रेम होत नाही. तुम्ही बीएमडब्ल्यूची ई-६० पिढीतली एम-फाइव्ह बघा. २००५ साली आलेली, ४,९९९ सीसीचं, दहा सिलिंडरचं व्ही-टेन इंजिन, ५०७ हॉर्सपॉवर, ८,२५० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांपर्यंत, चढत जाणारं. या इंजिनातली कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात, हे जगजाहीर आहे. झिजल्याचं कळतं ते आवाजावरून, आणि आवाज आला म्हणजे उशीर झालेला असतो. म्हणून जाणकार मालक ती आधीच, ब्रेक पॅड बदलावेत तशी, बदलून टाकतात. तुम्ही जाणकार नाही, म्हणजे हा खर्च वाचला.

व्ही-टेन फारच वाटत असेल तर ऑडीची २००३ च्या सुमाराची एस-फोर आहे. एवढ्याशा गाडीत ४.२ लिटरचं व्ही-एट. ते नाकात मावावं म्हणून इंजिनाची लांबी कमी केली आणि व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या टायमिंगच्या चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला नेल्या. त्या चेनना धरून ठेवणारे गाइड प्लास्टिकचे. ते झिजले की बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढायचं. दाढेत अडकलेला कण काढायला डोकं उतरवून टेबलावर ठेवावं, तसं. अभियंत्यांनी हा निर्णय घेतला तेव्हा पंधरा-वीस वर्षांनी गाडी कोणाच्या हातात असेल, याचा विचार केला असेलच. म्हणूनच तर निश्चिंत होते.

आता प्रत्यक्ष गाडी बघणं. जाण्याआधी फोन करून नेमकी वेळ कळवा, म्हणजे मालक इंजिन गरम करून ठेवतो. थंड इंजिन सुरू केलं की पहिल्या काही सेकंदांत चेनची खडखड, सायलेन्सरमधून निळसर धूर, उभ्या गाडीत इंजिनाची अडखळती चाल, असलं काय काय बघावं लागतं. गरम इंजिन सभ्य असतं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघू नका. संशयी दिसतं.

डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाइट नसेल तर प्रश्नच मिटला. ती गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसूनही बंद करता येते, ही गोष्ट वेगळी. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्याही पुसल्या जातात आणि बऱ्यापैकी चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. हे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर लावला तर दोन मिनिटांत ते दिसतं, म्हणून स्कॅनर नेऊ नका. लाइट लागलेलीच असेल तर मालक हसून म्हणेल, "सेन्सरच असेल हो, छोटासा." मग त्याने तो विकायच्या आधीच का नाही बदलला, असा प्रश्न मनात आला तर सीटच्या लेदरवरून हात फिरवा. जातो.

सर्व्हिसची बिलंही मागू नका. जाड फाइल असेल तर गाडी खर्चिक आहे. फाइलच नसेल तर गाडीला कधी काही झालेलं नाही. आणि अनोळखी मेकॅनिकला पैसे देऊन तपासणी कशाला? त्यापेक्षा मित्राला न्या. तो टेस्ट ड्राइव्हमध्ये मागून "घे रे, घे" म्हणेल. त्याला गाडीत फिरायचं आहे, बिल भरायचं नाही, त्यामुळे त्याचं मत संपूर्ण निःपक्षपाती.

विम्याचं कोटेशन गाडी घेतल्यावरच मागवा. पंचविशीच्या आतला चालक आणि असलं इंजिन यांची बेरीज विमावाले आपल्यापेक्षा चांगली करतात.

गाडी घरी आली. रोज तेल तपासायची शिस्त लावून घ्यावी म्हणून तुम्ही बॉनेट उघडाल आणि डिपस्टिक शोधत बसाल. शोधू नका. ई-९० पिढीतल्या बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांना ती दिलेलीच नाही. तेलाची पातळी सेन्सर सांगतो. सेन्सरवर किती विसंबायचं ते मालकाने सांगितलंच आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायची गरज नाही, असं गाडी बनवणारे सांगत आले. तोच गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. दोघंही खरं बोलतात. आयुष्य कोणाचं, एवढंच कोणी स्पष्ट केलेलं नाही.

डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ते हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळीचे थर चढतात. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. चेष्टा नाही, खरंच अक्रोड. ते मेंदूला चांगले म्हणतात. इथे ते इंजिनाला लागतात, कारण मेंदूचा प्रश्न गाडी घेतानाच निकालात निघालेला असतो.

टायर? मागचे पुढच्यापेक्षा रुंद असतील तर पुढे-मागे फिरवता येत नाहीत. चारही चाकांना ताकद जात असेल तर एकच टायर नवा घालून भागत नाही, चौघांची झीज सारखी लागते. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, असतील तर डिकीत स्टेपनी नसते. गप्प बसून जुनेच वापरा, पावसाळा येईपर्यंत.

मग तुम्ही ठरवाल की गॅरेज नको, सगळं स्वतः शिकायचं. इथे मात्र मी थट्टा करणार नाही, कारण मीही हेच ठरवलं होतं. काही इंजिनांत ॲल्युमिनियमचे बोल्ट असतात. ते एकदा खोलले की फेकून नवे घालायचे असतात आणि ठरावीक अंशांत फिरवून आवळायचे असतात. मी बचत म्हणून जुनाच बोल्ट पुन्हा लावला, अंदाजाने आवळला. 'टक्' असा फार मोठा नसलेला आवाज आला. पुढचे तीन आठवडे मी बसने गेलो आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला गाडीचा पिकअप समजावून सांगत राहिलो.

कोणी ॲव्हरेज विचारलं तर आरपीएम सांगा.

आणि एखाद्या रात्री सगळे दिवे विझलेले असतील, म्हणजे डॅशबोर्डवरचे. रस्ता मोकळा असेल, दुसऱ्या गिअरमध्ये सुई चार हजारांच्या पुढे जाईल, इंजिनाचा सूर बदलेल, स्टिअरिंगमधून रस्ता तळहाताला कळेल. घरी येऊन गाडी लावाल. चार पावलं गेल्यावर मागे वळून एकदा तिच्याकडे बघाल. खिडकीतून कोणी पाहत असेल तर म्हणा, खाली तेलाचा थेंब पडलाय का ते बघत होतो.